पल्लवीचं गाव आणि माझे दोन शब्द

९ फेब्रुवारी

नात पल्लवी काल सांगलीहून आली. येताना कामाचा लॅपटॉप बरोबर आणला. जेवण झाल्यावर म्हणाली, "तात्या, बसा हितं. आमची मालिका दाखवते. बाहेरच्या कुणी अजून बघितलेली नाही."

मी म्हणालो, "कार्टून व्हय?"

"कार्टून न्हवं तात्या, अ‍ॅनिमे. मोठ्या माणसांसाठी असतंय. खून, मारामारी, पोलीस."

बसलो. चष्मा पुसला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं राहिलंय. त्यामुळं अर्धा पडदा धुरकट.

दोन भाग बघितले. गावाचं नाव सह्यनगर. म्हणे सातारा आणि सांगलीच्या मधे कुठंतरी. माझी उभी नोकरी याच रस्त्यावर एस.टी. चालवण्यात गेली, असलं गाव कधी लागलं नाही. आभाळाला टेकलेल्या काचेच्या इमारती, निळे-तांबडे दिवे, बारा महिने ओला रस्ता. हिरो विराज. काळा लांब कोट. असला कोट घालून एप्रिलात तासगावच्या स्टँडवर उभा राहा म्हणावं. शेठनं त्याच्या आईला मारलं म्हणून हा सूड घेतो. शेठ सगळ्यात उंच इमारतीत बसून हसतो. दुसरं काही करत नाही.

पल्लवी पडदा सोडून माझ्या तोंडाकडं बघत होती. "कसं वाटलं? खरं सांगा. तुमचं खरं मत पाहिजे मला."

"झकास. लय भारी."

"खरंच?"

"खरंच की."

पोर खूष झाली. तिचं काम मागची चित्रं काढायचं. माणसं दुसरे काढतात, गोष्ट तिसराच लिहितो. रस्ते, घरं, आभाळ, खिडक्या तेवढ्या हिच्या.

१० फेब्रुवारी

सकाळपासून डोक्यात तेच. भर बाजारात गोळीबार होतो आणि एक माणूस बघायला येत नाही. आमच्या स्टँडवर टायर फुटला तरी पन्नास जण गोळा व्हायचे, आणि त्यातले दहा जण टायर कसा बदलायचा ते मला सांगायचे.

विराज सगळ्या गावातून पळतो. कुणी विचारत नाही, कुठला रं तू, कुणाचा? एवढं मोठं गाव, आणि कुणी कुणाच्या ओळखीचं नाही.

गॅसचं बटण बंद केलं का ते दोनदा जाऊन बघितलं. बंद होतं.

१२ फेब्रुवारी

बापू आला होता. माझ्या गाडीवर कंडक्टर होता, आता रोज चहाला येतो. त्याला गोष्ट सांगितली. म्हणालो, "बापू, त्या विराजची आई मेली. तिला जाळली कुणी? सावडायला कोण गेलं? हा लगेच गच्चीवर जाऊन तलवार फिरवतोय. डोकं तरी भादरायचं."

बापू म्हणाला, "आरं, केस काढलं तर त्यो वळखायचा कसा?"

हे मात्र बरोबर. सगळ्यांची तोंडं एकाच साच्यातली. केसांच्या रंगावरूनच ओळखायची. शेठची माणसं तर सगळी टकली आणि चष्मेवाली. ती मरतात तर कोण मेलं तेच कळत नाही.

बापू म्हणाला, "पोरीला बोल्लास का ह्ये?"

"न्हाई."

"मग मला कशाला सांगतुयास?"

१५ फेब्रुवारी

पल्लवीचा फोन. पुढच्या आठवड्यात सांगलीला हॉलमधे खेळ आहे. तीन भाग दाखवणार. घरचे लोक, गावातले चार मोठे लोक, कंपनीचे साहेब, आणि पुढचे भाग करायचे की नाही ते ठरवणारी दोन पैसेवाली माणसं. मालिका चालली तर पल्लवी नोकरीत कायम होणार. नाही तर काम बंद. मग इकडं सून स्थळं बघायला टपलेलीच आहे.

"तात्या, यायचंच."

येतो म्हणालो. तेव्हापासून काळजी. हॉलमधे संडास जवळ असेल का? बी.पी.ची गोळी जेवणाआधी की नंतर? पांढरा सदरा धुवायला टाकलाय.

२३ फेब्रुवारी

काल झालं. काल लिहायला बसलो होतो, जमलं नाही. आज लिहितो.

बापूला घेऊन गेलो. हॉल भरलेला. साहेब अगदी पोरगेला, घोट्याच्या वर चढलेली विजार. गोष्ट त्यांनीच लिहिलीय असं कळलं. पल्लवी पहिल्या रांगेत कडेला. आम्हाला बघून हात हलवला. नवीन ड्रेस होता.

तिसऱ्या भागात एक म्हातारा येतो. पांढरी टोपी, हातात काठी, माझ्याएवढाच असेल. विराजला निरोप देतो, शेठ गोदामात आहे म्हणून. निरोप दिला की त्याला गोळी लागते. विराज त्याला ओलांडून पुढं पळतो. म्हाताऱ्याला नाव नाही, गाव नाही, घर नाही. तो पडला आणि माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं. त्यांचा दोष नाही. मेला त्याची ओळखच नव्हती तर घास कशाला अडकेल?

तरी मला बरं नाही वाटलं.

खेळ संपल्यावर सत्कार. सगळ्यात वयस्कर म्हणून माझं नाव पुकारलं. शाल, नारळ. मग सूत्रसंचालन करणारी बाई म्हणाली, "आजोबांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती." आपल्याकडं शाल घेतली की दोन शब्द आलेच. त्यात काय बोलायचं ते ठरलेलं असतं. सर्वांचे आभार, पोरांनी नाव काढलं, माझे दोन शब्द संपवतो. मी सोसायटीच्या सभेत बोललोय, निवृत्तीच्या दिवशी डेपोत बोललोय. मला ठाऊक होतं.

माईक हातात आला. आभार मानले. पोरांनी कष्ट केले म्हणालो. मग म्हणालो, "पर ह्या गावाला मी एस.टी. न्ह्यायची न्हाई. का, तर चढायला मानूस न्हाई." हॉल हसला. टाळ्या. तिथं थांबलो असतो तर ठीक होतं. टाळ्या पडल्यावर माझ्यासारख्याला कुठं थांबायचं ते कळत नाही. टायरचं सांगितलं. कोटाचं सांगितलं. काचेच्या इमारतीत धुणं वाळत घालायला जागा कुठाय विचारलं. सगळे हसले, पैसेवाले दोघं पण हसले. आईच्या दहाव्याचं बोललो. म्हाताऱ्याचं बोललो. म्हणालो, ज्याला कुणी नाही त्याच्या मरणाची भीती आम्हाला कशी वाटायची, आधी त्याच्या घरी नेऊन आम्हाला चहा तर पाजा. तेव्हा कुणी हसलं नाही. साहेब मोबाईलवर टिपून घेत होते, ते या वेळेला खाली बघून दुसरंच काही करत होते.

खाली उतरलो. पल्लवी स्वतःच्या चपलांकडं बघत होती.

साहेबांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. "आजोबा, डोळे उघडलेत तुम्ही आमचे." मला आनंद झाला, हे इथं लिहिलं पाहिजे. आनंद झाला होता.

गाडीत बापू म्हणाला, "डायवर, जलमभर गाडीचा बिरेक सांभाळलास. तोंडाचा ऱ्हायला."

२५ फेब्रुवारी

फोन केला. उचलला नाही. कामात असेल.

२६ फेब्रुवारी

नाही उचलला.

२ मार्च

सून शोभा भाकरी थापता थापता म्हणाली, "तात्या, पल्लवीचं काम ग्येलं."

मला आधी वाटलं मालिकाच बंद झाली. तसं नाही. मालिका चालूच आहे. पैसेवाल्यांनी हो म्हटलंय. फक्त मागची चित्रं पुन्हा काढायची ठरलीत, आणि ती पुण्याचे लोक काढणार. पल्लवीला कारण सांगितलं, गाव खरं वाटत नाही असं प्रेक्षकांचं मत आहे.

प्रेक्षक म्हणजे मी.

म्हणालो, "आगं, पर मी मानसांचं पन बोल्लो हुतो."

शोभा म्हणाली, "तुमी काय काय बोल्ला, त्ये मला नगा सांगू."

माणसांची गोष्ट साहेबांची स्वतःची. ते स्वतःला कशाला काढतील? मी दोन बोटं दाखवली, त्यांनी सोयीचं एक धरलं.

३ मार्च

शोभा आज परत बोलली. मोठ्यानं नाही. मोठ्यानं बोलली असती तर बरं. "आवं, पोरीनं तुमाला घरात इच्यारलं हुतं. हितं, ह्या पाटावर बसून. तवा झकास म्हनला. जे घरात सांगायचं त्ये माईकवर सांगितलंसा."

मी उठून परड्यात गेलो.

८ मार्च

पल्लवी सामान घेऊन आली. दोन पिशव्या आणि तो लॅपटॉप. मला नमस्कार केला, नेहमीसारखा. मग तिच्या आईजवळ जाऊन बसली.

दुपारी मी म्हणालो, "बाळ, मी तुज्याबद्दल न्हवतो बोललो."

म्हणाली, "तात्या, गाव कुणी काढलं होतं?"

मग तीच बोलायला लागली. आवाज चढला.

"पहिली चित्रं मी आपल्या गावाचीच काढली होती. बेदाण्याचं शेड काढलं होतं. आपला फुटका हौद काढला होता, तुमची बाज, तिच्याखाली तुमच्या चपला. स्टँड काढलं होतं, पेपरवाल्यासकट. साहेब म्हणाले हे नको. हे बघून भीती कुणाला वाटंल? म्हणाले, जपानसारखं दिसू दे. महिनाभर रडले मी. मग काढल्या काचेच्या इमारती."

"आगं मग मला सांगायचंस की."

"सांगणारच होते. त्यासाठीच लॅपटॉप घेऊन आले होते. तुम्ही म्हणला असता ना की गाव आपलं वाटत नाही, तर मी तसंच साहेबांना जाऊन सांगितलं असतं, बघा, घरचे पण तेच म्हणतात. तुम्ही झकास म्हणालात. मला वाटलं, मग माझंच चुकत असंल."

शोभा चूल फुंकत राहिली. गॅस असताना आज चूल का पेटवली होती कोण जाणे.

१५ मार्च

पण मी खोटं काय बोललो? एक वाक्य खोटं काढून दाखवा. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. शाल मी मागितली नव्हती. माईक मी मागितला नव्हता.

बापूला हे म्हणालो. तो म्हणाला, "खोटं न्हाई बोल्लास गड्या. खरंच बोल्लास. पर जागा बघून हारन वाजवतुय मानूस. दवाखान्याम्होरं वाजवतुय व्हय?"

त्याला चहा दिला नाही आज.

११ एप्रिल

पल्लवी शिरवळला गेली. तिथल्या एका कारखान्यात नोकरी लागली. खोक्यांवर लावायची चित्रं काढायची. आंबा, बिस्किट, साबण असलं. स्थळाला नाही म्हणाली, आईशी भांडली आणि गेली. मी स्टँडपर्यंत पोचवायला गेलो. गाडीत जागा धरून दिली, खिडकीची, उन्हाच्या उलट बाजूची. "बसा आता तुम्ही घरी जाऊन, ऊन लागंल," म्हणाली. ड्रायव्हर ओळखीचा नव्हता. आता कुणीच ओळखीचा नसतो.

२० मे

फोन आईला करते. मी मागून घेतला तर, "गोळी घेतली का?" घेतली. "डोळ्याचं काय?" बघू. "बरं, ठेवते."

गोळीची, डोळ्याची चौकशी करते, पुढं बोलत नाही.

१८ जून

माझ्या मोबाईलवर तसल्या मालिका सापडतात हे कळलं. शोभाला लावायला सांगितलं. जपानीच होती. भाषा कळत नव्हती, खालची अक्षरं इंग्रजी. एक खुनी. खून करून येतो आणि कोपऱ्यावरच्या म्हातारीच्या दुकानात कोबी घेतो. कोबी बारका आहे म्हणून घासाघीस करतो. म्हातारी त्याला वरून एक मुळा देते. तो घरी जाऊन भाजी चिरायला घेतो तर सुरी हातातून खाली पडते.

मला भीती वाटली. खरी. उठून दाराला कडी घातली, दिवसा.

मग ध्यानात आलं ते असं. ते गाव मी जन्मात बघितलेलं नाही. इमारती काचेच्याच होत्या, दिवे निळे-तांबडेच. तरी मला खरं वाटलं, कारण त्या म्हातारीला तो ओळखीचा होता. म्हणजे पल्लवीच्या इमारतींचा दोषच नव्हता. त्यांच्यात एखादी कोबीवाली पाहिजे होती, ती घालायचं काम साहेबांचं होतं. मी हॉलमधे सगळ्यात जास्त टाळ्या ज्याच्यावर घेतल्या तेच चूक होतं. धुणं वाळत घालायचं. त्यालाच सगळ्यात जास्त हसले.

हे तिला सांगावं का? सांगितलं तर काय म्हणेल, आता कळलं?

१९ जून

फोन केला. सांगायचं म्हणून केला. "गोळी घेतली का?" म्हणाली. घेतली म्हणालो.

९ ऑगस्ट

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन. पल्लवी आली नाही, रजा मिळाली नाही म्हणाली. हिरवी पट्टी. लिहायला मना केलंय.

६ ऑक्टोबर

द्राक्षबागेत छाटणीची गडबड. माझा पोरगा, पल्लवीचा बाप, दिवसभर तिकडंच. शोभा म्हणाली, "तात्या, ती मालिका आली फोनवर. बघायची का?"

म्हणालो नको. मग म्हणालो लाव.

मालिका तीच, मागची चित्रं नवीन. गावाचं नाव तेच, सह्यनगर. काचेच्या इमारती गेल्या. सुरवातीलाच एस.टी. स्टँड, पेपरवाला सायकलला टेकून उभा. मग बेदाण्याचं शेड. जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली, कडेनं सावलीत बसलेल्या बायका. आता दोन्ही डोळ्यांना लख्ख दिसतं. म्हणूनच दिसलं.

एका अंगणात हौद होता. कडा उजवीकडं फुटलेला, त्या फुटलेल्या जागी सिमेंटचा थापा, थाप्यावर पोराच्या पंजाचा ठसा. तो पंजा पल्लवीचा. चौथीत होती, ओल्या सिमेंटात हात घातला म्हणून मी ओरडलो होतो. पुण्याच्या माणसाला हे कुठून ठाऊक? बाज तीच. बाजेखाली चपला, एकीचा अंगठा शिवलेला.

शोभा म्हणाली, "आगं बया."

त्या अंगणातून विराज पळत आला. तोच कोट, तेच केस. बाजेवर चढून पलीकडं उडी. हौदात वाकून बघितलं नाही, कुणाला हाक मारली नाही. मग शेडमधे घुसला आणि जाळ्यांवर चढून बेदाण्यावरून बूट घालून पळत गेला. आपल्याकडं पोरं सुद्धा जाळीपाशी जाताना चपला बाहेर काढतात. बायका तशाच बसून. एक ओरडली नाही. एवढ्या मालाचा चिखल झाला तर आमच्या इथल्या बायकांनी त्याला खुरप्यानं हाणला असता, मग तो हिरो असू दे नाहीतर कलेक्टर. त्या हलल्यासुद्धा नाहीत. भिंतीवर चिकटवल्यासारख्या.

म्हातारा परत आला. निरोप दिला, गोळी लागली, पडला. या वेळेला आमच्या हौदाशेजारी पडला. तरी कुणाचाच नव्हता.

शेवटी नावं पळाली. मी म्हणालो, "थांबीव, थांबीव." शोभाच्या हाताला पीठ होतं. थांबेपर्यंत संपली. परत लावायला गेली तर नेट गेलं. पल्लवीचं नाव होतं की नव्हतं, ठाऊक नाही.

७ ऑक्टोबर

शोभा म्हणते पल्लवीला सांगायचं. साहेबांनी आधी नको म्हटलेली तिचीच चित्रं वापरलीत, तिनं भांडलं पाहिजे. मी म्हणतो थांब. थांब का म्हणतो ते मला नीट सांगता येत नाही. तिनं जीव लावून काढलेल्या अंगणात तो बूट घालून पळतोय, हे तिनं बघायचं?

पण गेल्या वेळी पण मी तिला जपायलाच झकास म्हणालो होतो.

दोन्ही बाजूंनी चुकणारा मीच.

८ ऑक्टोबर

दुपारी फोन आला. आईचा नाही, माझा वाजला. पहिल्यांदा मला धक्काच बसला, गोळीचं विचारलं नाही.

"तात्या, ती मालिका आलीय म्हणे. मी बघणार नाही. तुम्ही बघितली का?"

शोभा दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. हातातली परात तशीच.

"तात्या?"

"आगं, लावली हुती परवा. शेवटची नावं बघायची ऱ्हायली, नेट ग्येलं."

"कसं आहे गाव?"

झकास तोंडावर आलं होतं. गिळलं.

म्हणालो, "ह्ये फोनवर सांगायचं न्हाई बाळ. हौदाची कड आजून तशीच हाय, थापा पन हाय. तू ये. बाजेवर बसू आन् दोघं मिळून बघू. मग मी काय असंल ते सांगतो. तुलाच सांगतो. दुसरं कुणी नगं."

पलीकडं कारखान्याची मशीन वाजत होती.

"हौदाचं काय म्हणालात तुम्ही?"

"ये तर खरं."

येते म्हणाली नाही. नाही येत, असंही म्हणाली नाही. फोन तिनं ठेवला की रेंज गेली ते कळलं नाही.

बाजेची सुंभाची दोरी सैल झाली होती. संध्याकाळी बापूला हाताशी धरून आवळून घेतली.